कॅसेटमधली माणसं

गजभिये काकांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती भांडायला.

चिखल्याच्या शाळेत बदली होऊन मला चारच दिवस झाले होते. खाणीच्या कॉलनीला लागून गावातली जी घरं आहेत, त्यातल्या एका घरात मी खोली घेतली होती. रविवार होता. सकाळी नऊपासून शेजारून बाजा वाजत होता, आणि दर पाच-सात मिनिटांनी दोनशे माणसांनी एकदम टाळ्या पिटाव्यात तसा कडकडाट होत होता. मला वाटलं, कुणाचा सत्कार चाललाय. भंडाऱ्याहून नवऱ्याचा फोन आला होता, त्याचं एक वाक्य ऐकू येईना. शेवटी चप्पल घालून तणतणत गेले.

ओसरीवर एकच माणूस होता. पासष्टीचा, काटक, पांढरी बनियान, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मांडी घालून बसलेला. समोर स्टुलावर दोन कॅसेटींचा जुना टेपरेकॉर्डर.

“काका, आवाज जरा कमी कराल का?”

त्यांनी माझ्याकडे न बघता एक बोट वर केलं. “थांबा जी. आता नामदेव वरडते.”

टेपमध्ये ट्रंपेटचा एक सूर वर चढत चढत गेला, तिथंच लोंबकळत राहिला, आणि दूरवरून कोणीतरी, अगदी पोटातून, “हाव!” असं ओरडलं. काकांनी बोट खाली घेतलं आणि मग माझ्याकडे पाहून प्रसन्न हसले.

“आता बोला. काय म्हनत होत्या?”

मी काय म्हणत होते ते विसरले होते.

सुखदेव गजभिये खाणीत ड्रिलर होते. अठ्ठावीस वर्षं जमिनीखाली दगडाला भोकं पाडली. लग्नसराईत रजा टाकून अड्याळला साळ्याच्या, म्हणजे बायकोच्या भावाच्या, बँडपार्टीत ट्रंपेट वाजवायचे. त्या ट्रंपेटची कळ दुरुस्त करायला एकदा नागपूरला गेले असताना जुन्या सामानाच्या ढिगात त्यांना ही कॅसेट सापडली. तिच्यावर निळ्या शाईनं इंग्रजीत ‘बिग बँड, लाइव्ह’ एवढंच लिहिलेलं होतं. कुणीतरी कुठून तरी भरून घेतलेली. सुरुवातीला एक माणूस इंग्रजीत काहीतरी सांगत असतो, त्याचं अर्धं वाक्य तुटलेलं. कोणता बँड, कोणता देश, काही पत्ता नाही. मी पुढे माझ्या फोनला ती ऐकवून पाहिली, फोनलाही ओळखता आली नाही.

“बिग बँड म्हंजे मोठी बँडपार्टी,” काका समजावून सांगत. “आपल्याकडे बारा जन रायतात, इथं अठरा-वीस असन. मी मोजले हायत.” जॅझ हा शब्द त्यांना कित्येक वर्षं माहीत नव्हता. ‘लाइव्ह’चा अर्थ मात्र त्यांनी खाणीतल्या एका साहेबाला विचारून घेतला होता. साहेब म्हणाला, जिवंत. काकांनी तो अर्थ तसाच्या तसा घेतला.

त्यांना वाजवणाऱ्यांइतकंच, किंबहुना कांकणभर जास्त, त्या कॅसेटमधल्या ऐकणाऱ्यांचं कौतुक होतं. एक खोकलेवाला होता. तो दर वेळी गाणं हळू झालं की खोकायचा आणि मग स्वतःच दाबून धरायचा. “बिचाऱ्याले लाज वाटते,” काका म्हणत. एक पेलेवाली बाई होती. दुसऱ्या गाण्यात सगळे थांबतात आणि एकटा सॅक्सोफोन कुजबुजल्यासारखा वाजत असतो, तेवढ्यात तिच्या हातून काचेचा पेला पडतो, आणि ती खुदकन हसते. “आता आइका,” काका पुढे वाकत. “तो काय करते पाहा.” सॅक्सोफोनवाला क्षणभर थांबतो आणि पेला फुटल्यासारखेच तीन-चार सूर खळ्ळकन सांडतो. सगळी मंडळी हसते, टाळ्या पडतात.

“तिले जवाब देल्ला त्यानं. घरी बसून, एकट्यानं वाजवलं असतं त् हे सुचलं असतं का? वाजवनारा एकटा नाई वाजवत, मॅडम. आइकनारा बी वाजवते.”

आणि नामदेव. खरा नामदेव हा काकांचा खाणीतला जोडीदार. झाडीपट्टीतली नाटकं पाहायला दोघं सायकलीनं जात. गाणं रंगलं की नामदेव अशीच आरोळी ठोकायचा, नट मंडळी वळून पाहायची आणि कडवं पुन्हा म्हणायची. पस्तिशीतच तो काविळीनं गेला. त्यानंतर दोन वर्षांनी कॅसेट मिळाली. “पयल्यांदा लावली, अन् हा वरडला. मी टेप बंदच केला. वाटलं, इथं कसा काय पोचला हा?”

हे सांगताना त्यांचा आवाज जड वगैरे झाला नाही. गावचा ओळखीचा माणूस परदेशात भेटल्याची गोष्ट सांगावी तसं सांगितलं.

दर रविवारी मी जाऊ लागले. तिथं आणखी एक श्रोता असायचा, दुलीचंद. तो तुमसरपर्यंत मॅंगनीजचा ट्रक चालवायचा आणि ऐकताना मांडीवर गिअर टाकल्यासारखा हात हलवायचा. काकांच्या पत्नी, शेवंता काकू, चहा आणून ठेवताना टेपकडे मान वळवून विचारत, “आले का तुमचे पावने?” काका म्हणत, “आले. खोकलेवाल्याले बी दे अर्धा कप.”

बँडपार्टीतून त्यांना एकदा काढून टाकलं होतं, तेही या ऐकणाऱ्यांपायीच. पवनीकडच्या एका गावात वरात चालली होती. पोरं नाचत होती. “नाचनारा आइकत नाई जी, त्याले फक्त धडधड पायजे.” एका घराच्या पायरीवर एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. काकांनी वाजवलेली एक हरकत ऐकून तिनं सूप खाली ठेवलं आणि दोन्ही हात गुडघ्यांवर घेऊन नुसती बसून राहिली. काका तिच्यासमोरच थांबले. वरात पुढे गेली, ढोल पुढे गेला, साळा हाका मारत पुढे गेला. काका अर्धा तास त्या पायरीसमोर उभे राहून वाजवत होते. नवरदेव मांडवात ट्रंपेटशिवाय पोचला. साळ्यानं दुसऱ्या दिवशी ट्रंपेट काढून घेतली, शेवंता काकूंनी भावाशी भांडून परत मिळवून दिली. पुढे ती पुरती काकांचीच झाली.

त्यांच्या कानाची गोष्ट मात्र मला दुलीचंदनं सांगितली. खाणीत पाळी सुरू होण्याआधी सब्बलीनं, लोखंडी पहारीनं, छत ठोकून पाहतात. घट्ट दगड ठण्ण बोलतो, सुटलेला दगड भद्द. एका सकाळी काकांनी छत ठोकलं आणि म्हणाले, आत कोणी जायचं नाही. पाळीवरच्या साहेबानं स्वतः ठोकलं, त्याला चांगलं वाटलं. आणखी दोघांनी ठोकलं, त्यांनाही चांगलं वाटलं. काका बोगद्याच्या तोंडाशीच आडवे बसले. “मी जात नाई, अन् कोनाले जाऊ बी देत नाई.” शिव्या खाल्ल्या, अर्धा दिवस वाद झाला. आणि वाद चालू असतानाच आत खोलीएवढा दगड खाली आला. तेव्हापासून खाणीत कोणी एखादी गोष्ट छातीठोक सांगितली की बाकीचे विचारत, “गजभियेचा कान हाय का तुह्याजवळ?”

ड्रिलच्या आवाजात इतकी वर्षं काढूनही काकांनी कान जपले होते. रोज तेलात भिजवलेला कापूस, वर रुमाल. सोबतचे हसत. निवृत्त होताना निम्म्या जोडीदारांशी ओरडून बोलावं लागायचं, काकांशी नाही. कुणाजवळ काही मागावं, कशाचा तोरा मिरवावा, असा तो माणूसच नव्हता, पण कानांचा अभिमान होता.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणून पुढचं सांगायला जड जातं.

दुसऱ्या उन्हाळ्यात कॅसेट अडखळायला लागली. पट्टीवर पांढरी बुरशी धरली होती. काका रोज उघडून बघत, फुंकर मारत. मीच म्हणाले, “मी सुट्टीत नागपूरला जातेय. तिथं जुन्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर करून देतात. मग कधीच खराब होणार नाही.”

त्यांनी दोन दिवस विचार केला. मग ती रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिली. “बॅगेत नका ठेवू जी. मांडीवर ठेवा.”

मी मांडीवरच ठेवून नेली. दुकानदारानं लावून पाहिली. पट्टी दोनदा अडकली. “मॅडम, इसमें बहुत शोर है,” तो म्हणाला. “आजकल सॉफ्टवेअर आया है. साफ कर दूँ?”

“हो, एकदम स्वच्छ करून द्या,” मी म्हणाले आणि मुलीच्या चपला घ्यायला बाजारात गेले.

भंडाऱ्याला घरी जायची साडेचारची गाडी होती. चारला धावत परत आले, त्यानं पेन ड्राइव्ह हातात दिला. “कैसेट का क्या करूँ? निकालते वक्त टेप टूट गई.”

“राहू द्या, टाका,” मी म्हणाले.

ते तीन शब्द मी नंतर किती वेळा मनात उलटेपालटे केले असतील. दुकानदाराचा काही दोष नव्हता. त्याला शोर म्हणजे खोकला, पेला, टाळ्या, आरोळ्या. पण मी वर्षभर त्या ओसरीवर बसले होते. मी काय ऐकलं होतं?

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी परतले. सोबत एक छोटा स्पीकरही आणला होता, मोठ्या कौतुकानं. काकांनी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ऐकायला बसायचं ठरवलं. दुलीचंद ट्रक घेऊन गेला होता. काकू आत होत्या. आम्ही दोघंच.

बाजा सुरेख वाजला. काचेसारखा. पहिलं गाणं संपलं, आणि पुढे काहीच नाही. निव्वळ शांतता. काका थोडे पुढे वाकले. दुसऱ्या गाण्यात सॅक्सोफोन एकटा कुजबुजला, मग कशालाही जवाब न देता ते तीन-चार सूर सांडले. काकांनी आवाज वाढवला. तिसऱ्यात ट्रंपेट वर चढली, लोंबकळली. काकांचं बोट वर गेलं आणि तिथंच राहिलं. ट्रंपेट खाली आली, गाणं पुढे गेलं, बोट वरच.

“मॅडम,” ते हळूच म्हणाले, “लोकं कुठं गेले?”

मला त्या क्षणी सगळं कळलं. सांगता आलं असतं. एक वाक्य लागलं असतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून माझी जीभ दुसरीकडेच वळली.

“आहेत ना, काका. मला येतात ऐकू. जरा बारीक झालेत.”

त्यांनी माझ्यावर अविश्वास दाखवला असता, तर मी कबूल केलं असतं असं मी स्वतःला सांगते. त्यांनी नाही दाखवला. उजव्या कानात करंगळी घालून हलवली, मग डाव्या. पुन्हा ऐकलं.

“म्हंजे ड्रिलच्या मशीननं कान खाल्लेच शेवटी,” ते म्हणाले. “मले वाटे, वाचलो.”

घरी येऊन मी दुकानदाराला फोन लावला. मूळची कॉपी? ती त्यानं ठेवली नव्हती. कॅसेट? दुकानातला कचरा त्याच दिवशी गेला होता.

रविवारची बैठक बंद झाली. दुलीचंदला त्यांनी सांगितलं, मशीन बिघडली. त्याच्यासमोर आपल्याला ऐकू येत नाही हे उघडं पडायला नको होतं. मला मात्र माहीत होतं, म्हणून मला एकदा बोलावलं.

“एक काम करता का जी? मी लावतो. नामदेव वरडला का हात वर करा. जागा त् मालूम रायली पायजे.”

मी बसले. ट्रंपेट वर चढली. मी हात वर केला.

“थे, थे,” काका पुटपुटले आणि डोळे मिटून मान हलवली. मग म्हणाले, “अजून एक डाव.” मी पुन्हा हात वर केला. त्या दुपारी चार वेळा.

दिवाळी झाली. धान कापणी झाली. काका माणसांत बसेनासे झाले. कोणी बोललं की त्याच्या ओठांकडे बघायचे. ऐकू येत असूनही “काय म्हनलं?” असं दोनदा विचारायचे, स्वतःच्याच कानांवर विश्वास नसल्यासारखे. एकदा काकूंनी मला कुंपणाशी गाठलं.

“मॅडम, त्याइले भंडाऱ्याले कानाच्या डॉक्टरकडं नेलं होतं. डॉक्टर म्हनते, वयाच्या मानानं कान चांगले हायत. हे म्हनतात, डॉक्टरले काय समजते? मॅडमले आइकू येते अन् मले नाई, मंग कान चांगले कसे?” काकू थांबल्या. “अन् टरंपेट देऊन टाकली. अड्याळले, भाच्याच्या पार्टीत, भावाची पार्टी आता थोच चालवते. म्हने, आपला सूर आपल्याले समजत नसन त् लोकाइले कायले तरास?” मग त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. “तुमाले खरंच येतात का जी थे लोकं आइकू?”

मी “हो” म्हणाले. आणि खोलीत येऊन दार लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाण्याआधी मी त्यांच्या अंगणात गेले. काका वालाच्या वेलाला काठी बांधत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दुकानदार, साफ करणं, चपला, साडेचारची गाडी, टाका म्हणाले ते. हात वर केला तेही.

ते सुतळी हातात धरून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, “म्हंजे माहे कान चांगले हायत?”

“हो, काका.”

“पक्कं?”

“पक्कं.”

ते हसले. इतके मोकळे हसले की माझ्याही तोंडावर हसू आलं. “आइकलं का वो!” त्यांनी आत हाक मारली. “कान चांगले हायत माहे! डॉक्टर बरोबर होता!” न्हाणीजवळ पाण्याचा पितळी गुंड, मोठा हंडा, होता, त्याच्यावर त्यांनी बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला, पुन्हा केलं. काकू पदराला हात पुसत दारात आल्या. क्षणभर मला वाटलं, सुटले मी.

मग त्यांचं हसू हळूहळू उतरलं. ते कसं उतरलं ते मी पाहिलं आहे.

“मंग नामदेव?” ते म्हणाले.

मी नकारार्थी मान हलवली.

“कुठंच नाई का आता थे?”

“नाही, काका.”

काकूंनी मला काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण काकांनी हातानंच त्यांना थांबवलं. सुतळीचं टोक वेलाला गुंडाळलं, गाठ मारली, ती ओढून पाहिली.

“तुमी हात वर केला होता जी,” ते म्हणाले. रागानं नाही. एखादी गोष्ट नीट समजून घ्यावी तसं. त्यापुढे आजवर त्यांनी मला त्याबद्दल एक शब्दही सुनावला नाही.

रविवारची बैठक पुन्हा सुरू झाली. मला कोणी येऊ नका म्हटलं नाही, या असंही म्हटलं नाही. मी खोलीतून ऐकायची. पहिलं गाणं संपलं की ती शांतता यायची, मी विकत आणलेली. पहिल्या रविवारी ती तशीच गेली. दुसऱ्या रविवारी तिच्यात दोन माणसांच्या टाळ्या वाजल्या. एक दुलीचंदच्या, जाड हातांच्या. दुसऱ्या कुणाच्या ते सांगायला नको. मी पलंगावर बसून होते. माझे हात मांडीवर होते. वाजवाव्यात असं फार वाटलं, पण मला तो हक्क आहे असं वाटलं नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली साकोली तालुक्यात एकोडीला झाली. जाताना पाया पडले. काकांनी “सुखी राहा” म्हटलं, काकूंनी वालाच्या शेंगा बांधून दिल्या.

त्यानंतर एकदाच दिसले, मागच्या लग्नसराईत, भंडाऱ्याच्या बसस्थानकावर. इस्त्रीचा पांढरा सदरा, खांद्याला पिशवी. मीच हाक मारली. त्यांनी मुलीची चौकशी केली, शाळेची केली, एकोडीला पाणी कसं आहे ते विचारलं. मी विचारलं, “कुठे निघालात, काका?”

“अड्याळले. भाच्याच्या पार्टीचं काम हाय एका लग्नात. आपली टरंपेट नवीन मानूस वाजवते. चांगला वाजवते म्हनतात.”

“मग मागून घ्या ना परत, काका. त्यांना सांगा सगळं. मी सांगते हवं तर.”

“देल्लेली वस्तू मांगत नाई जी.” ते हसले. “अन् त्याच्या बी समोर कोनी बसून आइकनारा पायजे का नाई? तिथं सारे नाचतातच.”

“मी येऊ का तुमच्यासोबत?” माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजरेत माया होती, ती मला सोसवली नाही.

“तुमाले शाळा हाय, मॅडम,” ते म्हणाले.

रविवार होता. ते त्यांनाही माहीत होतं, मलाही.

अड्याळची गाडी लागली. गर्दीत शिरून त्यांनी खिडकीची जागा मिळवली, पिशवी मांडीवर घेतली. शेजारी बसलेल्या माणसानं काहीतरी विचारलं, काका त्याच्याकडे कान देऊन वळले आणि एकाच खेपेत उत्तर दिलं. गाडी हलली. मी हात वर करणार होते, निरोपाला. अर्ध्यातच थांबवला आणि खाली घेतला. ते पाहत नव्हतेच. गाडी फाटकातून बाहेर पडून दिसेनाशी झाली तरी मी तिथंच उभी होते, आणि साकोलीची गाडी कधी निघून गेली ते मला कळलं नाही.